चाक हलायच्या आधीचा खर्च

काकू,
आम्ही सहा वर्षं इंग्लंडात लेस्टरला आहोत, गेल्या वर्षी इथे कायम राहायची परवानगी मिळून पर्मनंट झालो. मुलगी आठ वर्षांची, मुलगा तीनचा. नवरा एका कंपनीत आयटीचं काम बघतो, हातात महिन्याला 2,480 पौंड येतात. मी नाशिकला शाळेत शिकवायचे. इथे आल्यापासून घरीच आहे. ह्याने यंदा सेकंडहँड टूरिंग कॅरॅव्हॅन, म्हणजे गाडीमागे जोडून ओढत न्यायचं चाकांवरचं घर, घ्यायचं मनावर घेतलंय. ऑफिसातल्या एकाची बारा वर्षं जुनी आहे, तो 4,500 ला देतोय. टोबार म्हणजे गाडीला मागे लावायचा ओढायचा दांडा, त्याच्यासकट 5,000 चं कर्ज काढायचं, चार वर्षं, महिन्याचा हप्ता 126. शिवाय दारात जागा नाही म्हणून स्टोरेज महिना 45, विमा वर्षाला 180, सर्व्हिसिंग 220. वर्षात बारा रात्री तरी जाऊ म्हणतो. ‘एकदा घेतली की सुट्ट्या फुकट’, हे त्याचं पालुपद. त्यात ऑगस्टसाठी समुद्रावरच्या स्केगनेसजवळच्या हॉलिडे पार्कात स्टॅटिक, म्हणजे एकाच जागी कायम उभ्या असलेल्या भाड्याच्या कॅरॅव्हॅनचा भाव विचारला तर आठवड्याला 1,050 सांगितले, त्यामुळे तो आणखीच पेटलाय. (आमची गाडी छोटी हायब्रिड आहे.) मला हे जुळत नाही असं वाटतं, पण मी कमवत नाही, तर ‘नको’ कुठल्या तोंडाने म्हणू? मैत्रिणी म्हणतात शाळा बुडवून जा, दंड स्वस्त पडतो. मुलांना समुद्रावर न्यायचं तर मलाही आहेच. आणि हो, कॅरॅव्हॅनमध्ये आपला स्वयंपाक होतो का?
– लेस्टरहून एक आई

प्रिय लेस्टरकर,

काकू म्हणालीस, तर मी तुला तूच म्हणते.

तुझ्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तू कंसात टाकलीयस. म्हणून हिशेबाला बसायच्या आधी एक काम कर. खाली जा, गाडीचं ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघड आणि चौकटीवर एक छोटी पट्टी दिसते का बघ. तिथे नसली तर बॉनेटखाली असेल. तिच्यावर चार वजनं एकाखाली एक छापलेली असतात. पहिलं म्हणजे माणसं-सामान भरून गाडीचं जास्तीत जास्त वजन. दुसरं म्हणजे गाडी आणि तिच्यामागे जोडलेलं ओझं, दोन्ही मिळून. दुसऱ्यातून पहिलं वजा केलंस की गाडी किती ओढू शकते ते कळतं. ते दुसरं वजन छापलेलंच नसेल, किंवा तिथे शून्य असेल, तर त्या गाडीच्या मागे काहीही लावायचं नाही. छोट्या हायब्रिड गाड्यांत अशा बऱ्याच निघतात. चौघांची झोपायची सोय असलेली कॅरॅव्हॅन सामानासकट सहज तेराशे-चौदाशे किलोच्या घरात जाते, आणि इथले कॅरॅव्हॅन क्लब नवख्यांना सांगतात की ओढायचं वजन गाडीच्या स्वतःच्या वजनाच्या 85 टक्क्यांच्या आत ठेवा. म्हणजे तुमच्या ह्यांची साडेचार हजारांची कॅरॅव्हॅन ही बहुतेक साडेचार हजारांची कॅरॅव्हॅन अधिक एक मोठी गाडी आहे. लायसन्सची मात्र अडचण नाही. 16 डिसेंबर 2021 पासून इथे साध्या कारच्या लायसन्सवर 3,500 किलोपर्यंतचं ओढता येतं, वेगळी परीक्षा लागत नाही. मुभा मिळाली, गाडी तीच राहिली.

समजा पट्टीने होकार दिला. आता तूच दिलेले आकडे मी मांडते, माझा एकही घालत नाही. हप्ता वर्षाला 1,512. स्टोरेज 540, विमा 180, सर्व्हिसिंग 220, हे झाले 940. एकूण 2,452. आता तुझ्या नवऱ्याचा महिन्याचा पगार परत बघ. वर्षातला जवळजवळ एक अख्खा पगार चाक हलायच्या आधीच गेला. बारा रात्रींनी भागलं तर रात्रीला 204 पौंड पडतात, आणि ह्यात जिथे उभी करायची त्या पिचचं भाडं नाही, वाढलेलं पेट्रोल नाही, गॅसचा सिलिंडर नाही, तंबूसारखं पुढे जोडायचं ऑनिंग नाही. दोनशे चार पौंडांत तुम्ही चौघं चांगल्या हॉटेलात राहाल आणि सकाळी कुणीतरी तुझ्यापुढे चहा आणून ठेवेल.

हा हिशेब उलटही फिरतो, ते सांगितलं नाही तर त्याच्यावर अन्याय होईल. तीच कॅरॅव्हॅन साठवलेल्या पैशांतून घेतली, हप्ता नसला, आणि माणूस वर्षात चाळीस रात्री बाहेर राहिला, तर 940 चे रात्रीला साडेतेवीस पडतात. शेतकऱ्याच्या रानात पाच कॅरॅव्हॅनपुरती परवानगी असलेल्या छोट्या जागा क्लबच्या सभासदांना मिळतात. तिथे एक नळ, एक वीजजोडणी, मेंढ्या, आणि भाडंही मोठ्या पार्कांपेक्षा कमी. अशी दर शनिवार-रविवार निघणारी कुटुंबं मी पाहिली आहेत, त्यांना ती खरंच स्वस्त पडते. पण ती मंडळी शुक्रवारी संध्याकाळी पाऊस पडत असला तरी निघतात. तुम्ही निघाल का? गेल्या वर्षी किती शुक्रवारी संध्याकाळी घराबाहेर पडलात ते आठवून दोघांनी खरं उत्तर द्या.

आता आमची गोष्ट. तीस वर्षांपूर्वी आम्हीही अशीच एक घेतली. ओळखीतून, ‘घरच्यासारखी वापरलेली’. मालकाने आत छान सुवासिक फवारा मारून ठेवला होता आणि आम्हाला वाटलं केवढी ही स्वच्छता! पहिल्या पावसात पुढच्या खिडकीखालची गादी ओली लागली. गादी उचलली, मागची पातळ फळी अंगठ्याने दाबली, तर भिजवलेल्या पोह्यांत बोट जावं तसा अंगठा आत गेला. वरचा कागद तेवढा शाबूत होता. आतलं लाकूड कधीच कुजून गेलं होतं. दुरुस्तीचा आकडा ऐकून आमचे हे त्या रात्री जेवले नाहीत. म्हणून सांगते, पुढे कधी घ्याल तेव्हा कोपरे, खिडक्यांच्या खाली आणि कपाटांच्या आत दाबून बघ. जमीन पायाखाली स्पंजसारखी लागते का बघ. ओल मोजायचं छोटं यंत्र मिळतं, वीस टक्क्यांच्या वर आकडा दाखवला की हात जोडून निघायचं. टायरची नक्षी नवीकोरी दिसली तरी त्याच्या कडेवरचे शेवटचे चार आकडे वाच: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल. पाच वर्षं झाली की बदलायचे, सातच्या पुढे तर रस्त्यावर न्यायचेच नाहीत, कारण कॅरॅव्हॅन उभी राहून राहून म्हातारी होते. इथे कॅरॅव्हॅनला गाडीसारखी एमओटी, म्हणजे दरवर्षीची सक्तीची तपासणी, नसते, त्यामुळे ही तपासणी कुणीही तुमच्यासाठी करून ठेवलेली नसते. आणि 1992 नंतरची असेल तर काचांवर कोरलेला सतरा अक्षरी नंबर कागदाशी जुळव. ऑफिसातला माणूस भला असेलच. भल्या माणसाच्याही भिंतीत पाणी जातं.

मग समुद्राचं काय? जाऊया की.

तू लेस्टरला राहतेस हे तुझं भाग्य, आणि ते तुला कुणी सांगितलेलं दिसत नाही. लेस्टर आणि लेस्टरशायरच्या शाळा उन्हाळ्यात उरलेल्या इंग्लंडच्या आधी सुटतात, साधारण जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, आणि ऑगस्टअखेरीला सगळ्यांच्या आधी उघडतात. इथले मोजे-बनियनचे आणि बुटांचे कारखाने जुलैच्या सुरुवातीला एकदम पंधरा दिवस बंद व्हायचे. त्याला ‘लेस्टर फोर्टनाइट’ म्हणत. अख्खं शहर गाड्या भरभरून स्केगनेस, मेबलथॉर्पच्या किनाऱ्याला जायचं, जसे आपले गिरणगावातले लोक गणपतीला नाहीतर मे महिन्यात कोकणात उतरायचे. कारखाने गेले, शाळांची सुट्टी मात्र त्याच घडीवर अडकून राहिली. ह्याचा फायदा असा की तुझ्या मुलीला सुट्टी लागते तेव्हा बाकी इंग्लंडातली मुलं अजून वर्गात असतात, आणि हॉलिडे पार्कांचे भाव अजून चढलेले नसतात. ज्या पार्काने तुला ऑगस्टचे 1,050 सांगितले त्याच पार्काला जुलैतल्या तुमच्या सुट्टीच्या पहिल्या आठवड्याचा भाव विचार. आणि शनिवार ते शनिवार मागू नकोस, सोमवार ते शुक्रवार चार रात्री माग. ह्या दोन गोष्टींनी बिल किती उतरतं ते बघून मला कळव. शाळेचं कॅलेंडर आधी तपास, कारण काही अकॅडमी, म्हणजे स्वतःचा कारभार स्वतः बघणाऱ्या शाळा, आपल्या तारखा स्वतः ठरवतात.

म्हणून शाळा बुडवायचा प्रश्न तुझ्यापुरता मिटला. तरी विचारलंयस म्हणून: इंग्लंडात हा दंड दर मुलामागे दर पालकाला असतो, ऑगस्ट 2024 पासून 80 पौंड, 21 दिवसांत भरला तर. नंतर 160. तुझी एकच मुलगी शाळेच्या वयाची आहे, तरी दोघांचे मिळून 160 झाले. तीन वर्षांत दुसऱ्यांदा सापडलात तर थेट प्रत्येकी 160. मैत्रिणींची मुलं एकेकटी असतील आणि सुट्टी स्पेनची असेल तर गणित त्यांना जमत असेल. स्केगनेससाठी दंड भरणं म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

स्टॅटिक भाड्याने घेताना एकदोन खाचा आहेत. जाहिरातीतला भाव कॅरॅव्हॅनचा असतो. पोहायचा तलाव आणि संध्याकाळचे कार्यक्रम ह्यांचे पास बहुतेक ठिकाणी वेगळे, माणशी. तीन वर्षांच्या आणि आठ वर्षांच्या मुलाला वाळू, बादली आणि भरती-ओहोटी पुरते. एखादा दिवस पाऊस लागला तर पासाचं बघा. चादरी-टॉवेल मिळतात का, गॅस-वीज भाड्यात आहे का, हे बुकिंगच्या वेळीच विचार. ‘द सन’ वर्तमानपत्राची स्वस्त सुट्ट्यांची योजनाही इथे लोक वर्षानुवर्षं वापरतात. तीत वरचे आकार धरूनच तुलना कर, पण शाळेच्या वेळेत अडकलेली नसलीस तर ती फार स्वस्त पडते. आणि फेसबुकवर कुणी स्वतःची कॅरॅव्हॅन निम्म्या भावात देत असेल, तर पैसे पाठवायच्या आधी पार्कच्या ऑफिसात फोन करून त्या नंबरची कॅरॅव्हॅन त्या माणसाची आहे का विचार. दारात पोचल्यावर दुसरंच कुटुंब आत चहा पीत असल्याचे प्रसंग दर उन्हाळ्यात घडतात.

किती खर्च करावा, ह्यासाठी मला एक जुनी मोजपट्टी आवडते, आणि ती त्याच किनाऱ्यावरची आहे. 1936 साली बिली बटलिनने स्केगनेसला आपला पहिला हॉलिडे कॅम्प काढला. दोन वर्षांनी पगारी रजेचा कायदा झाला आणि कॅम्पची जाहिरात ठरून गेली: आठवड्याच्या पगारात आठवड्याची सुट्टी.  तुमच्या घरी आठवड्याचा पगार साधारण 570 पौंड होतो. तेवढ्यात जुलैचे चार दिवस बसवा, पेट्रोलसकट, मासळी-चिप्सच्या एका संध्याकाळसकट. उरलं तर सप्टेंबरात एखादी शनिवारची रात्र उसन्या तंबूत. न उरलं तर वर्ष संपलं, हप्ता कुणाचा राहिला नाही.

आता तुझ्या त्या वाक्याकडे येते. ‘मी कमवत नाही, तर नको कुठल्या तोंडाने म्हणू?’

पहिली गोष्ट पैशांचीच सांगते. इथल्या करपद्धतीत मॅरेज अलाउन्स नावाची एक सोय आहे आणि ती नेमकी तुमच्यासारख्या घरांसाठी आहे. जोडप्यातल्या एकाचं उत्पन्न 12,570 च्या खाली असेल आणि दुसरा वीस टक्क्यांच्या टप्प्यात कर भरत असेल, तर पहिल्याने आपल्या करमुक्त रकमेतले 1,260 पौंड दुसऱ्याच्या नावे करायचे. वर्षाला 252 पौंडांपर्यंत कर वाचतो. अर्ज कमी उत्पन्नवाल्याने करायचा, म्हणजे तू. मागच्या चार वर्षांचंही मागता येतं. तुम्ही ते आजवर घेतलं नसेल आणि तेव्हाही परिस्थिती हीच असेल, तर नुसत्या मागच्या थकबाकीचे हजार पौंड होतात. सरकारच्या वेबसाइटवर फुकट होतं, दहा-पंधरा मिनिटांचं काम. मध्ये ‘आम्ही करून देतो’ म्हणणाऱ्या कंपन्या येतात आणि मोठा वाटा कापून घेतात, त्यांच्या वाटेला जाऊ नकोस. आता पर्मनंट झालात, तर चाइल्ड बेनिफिटचा, म्हणजे मुलांसाठीच्या सरकारी भत्त्याचा, अर्जही राहिलाय का बघ, आणि तोही तुझ्या नावाने कर. धाकटा बारा वर्षांचा होईपर्यंत त्यातून तुझ्या पेन्शनसाठी नॅशनल इन्शुरन्सची वर्षं जमा होत राहतात. घरी बसलेल्या बाईची म्हातारपणची पेन्शन इथे अशा एका अर्जावर लटकलेली असते, हे मला फार उशिरा कळलं.

दुसरी गोष्ट. कर्ज त्याच्या नावावर असलं तरी हप्ता भाजीच्या पैशांतून जाणार आहे, आणि भाजी तू आणतेस. महिन्याला 126 कुठून काढायचे हे तुलाच ठरवावं लागणार, म्हणून तोंड तुझं आहेच. फक्त ‘नको’ ह्या शब्दाने सुरुवात करू नकोस. त्याला कॅरॅव्हॅन का हवी ते आधी विचार. तू लिहिलं नाहीस, पण माझा अंदाज आहे की लहानपणी मे महिन्यात लाल एसटीतून आजोळी जायचं, दर वर्षी तेच गाव, तीच विहीर, असं काहीतरी त्याच्या मनात आहे आणि आपल्या मुलांना इथे तसं काहीच नाही ह्याची त्याला टोचणी आहे. आमच्या ह्यांचं तसंच होतं. ती ओली कॅरॅव्हॅन त्यांनी लाकडासाठी घेतली नव्हती. असं असेल तर त्याला सांग की दर जुलैला त्याच किनाऱ्यावर, जमलं तर त्याच पार्कात जाऊ. मुलांना ठिकाण लागतं, ते कुणाच्या मालकीचं आहे हे त्यांच्या गावीही नसतं.

शनिवारी मुलं झोपल्यावर दोघं बसा, पट्टीवरची चार वजनं लिहून आण, वरचा हिशेब मांड आणि त्याला स्वतःला भागाकार करू दे. मग एक करार करा. यंदा स्टॅटिक. पुढच्या वर्षी टूरिंग कॅरॅव्हॅनच भाड्याने घ्यायची, अशी की मालक स्वतः ओढून आणून पिचवर उभी करून देतो, म्हणजे गाडीचा प्रश्न नाही. त्यात पावसातले तीन दिवस काढा. संडासाची टाकी कोण रिकामी करतो ते त्यातच ठरेल, आणि माझ्या अनुभवाने पुष्कळांचा उत्साह त्या एका टाकीशी येऊन थांबतो. त्यानंतरही तो म्हणाला घेऊया, तर हप्त्याचे 126 आजपासून वेगळे टाकत राहा. सव्वातीन वर्षांत रोख पाच हजार जमतात, व्याजाचे हजारएक वाचतात, आणि मुलगा तेव्हा सहाचा असेल, कॅरॅव्हॅनमध्ये मजा यायचं खरं वय. स्वस्तात विकत मिळणाऱ्या स्टॅटिककडे मात्र तेव्हाही वळू नका. पार्कात कायम उभी ठेवायची कॅरॅव्हॅन आठ हजारांना दिसते आणि जागेचं भाडं दरवर्षी हजारांत असतं, शिवाय ती ठरावीक वर्षांची झाली की पार्कातून हलवावी लागते.

स्वयंपाक होतो, आणि झकास होतो. स्टॅटिकमध्ये चार बर्नरचा गॅस, ओव्हन, फ्रिज, भांडी सगळं असतं. कुकर तुझा ने, त्यांच्याकडे नसतो. गोडा मसाला, मेतकूट, भाजणी, लोणच्याची छोटी बाटली. समुद्रावरून गारठून आलेल्या पोरांना गरम मऊ भात-मेतकूट-तूप दे आणि बाहेर वारा कॅरॅव्हॅन हलवतोय ते ऐकत बस. खेळांच्या मशिनींवर न्यायचं तर घरून दोन पेन्सच्या नाण्यांचा डबा भरून ने, डबा संपला की खेळ संपला. मुलं ते मुकाट्याने ऐकतात, कारण डबा रिकामा झालेला दिसतो. नोट मोडली की ती अमर वाटते.

एकच काळजी घे. छताला जो धूर ओळखणारा अलार्म असतो तो बरोब्बर गॅसच्या वर कुठेतरी असतो आणि त्याला आपली फोडणी म्हणजे आग वाटते. आमचा पहिल्याच सकाळी नऊ वाजता वाजला, शेजारची म्हातारी ड्रेसिंग गाउनमध्ये पाण्याची बादली घेऊन दारात. तिला मग पोहे खायला घातले. तेव्हा आधी दोन्ही खिडक्या उघड, आणि मग मोहरी टाक.

– काकू